जुन्या संगणकांचे निर्लेखन करण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०'चा नियमित पाठिंबा थांबवला आणि तेव्हापासून कार्यालये, शाळा, पतपेढ्या आणि गृहनिर्माण संस्था यांच्याकडचे जुने संगणक भंगारात जाताना मी माझ्या आसपास सतत पाहते आहे. 'विंडोज ११'ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते, आणि तेवढी पुष्कळ जुन्या यंत्रांत असते किंवा थोडक्या खर्चात बसवता येते. पण त्याबरोबर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारणपणे २०१७ च्या अखेरीनंतरचा प्रोसेसर अशाही अटी आहेत आणि चांगली चालती यंत्रे तेथेच अडतात. मग "नाहीतरी तो फार स्लो झाला होता" हे वाक्य कोणीतरी उच्चारतो आणि निर्लेखनाच्या, म्हणजे यंत्र वापरातून बाद ठरवण्याच्या, कागदावर सही होते. 'विंडोज ११'च्या अटींची अडचण खरी आहे, तिच्यावर आपल्या हातात फारसे काही नाही. 'स्लो झाला' हे वाक्य मात्र बहुतेक वेळा तपासून पाहिलेले नसते, आणि त्याविषयी आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांशी थोडे विस्ताराने बोलावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी एका तंत्रनिकेतनाच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झाले आणि सध्या लालबागमधल्या आमच्या चाळींच्या अभ्यासिकेतील संगणकांची देखभाल करते. तेथे नऊ संगणक आहेत. एका कार्यालयाने निर्लेखन करून ते आम्हाला दिले. इंटेलचा कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २००८ साली आलेला जी४१ चिपसेट (बोर्डवरचा चिपांचा संच), २ जीबी रॅम, फिरत्या तबकडीची हार्डडिस्क आणि १३६६ बाय ७६८ बिंदूंचे मॉनिटर, असे त्यांचे साधारण स्वरूप आहे. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले, ऑनलाइन अर्ज भरायला येणाऱ्या गृहिणी आणि निवृत्तिवेतनाची कागदपत्रे पाहायला येणारी ज्येष्ठ मंडळी ते वापरतात.

यंत्रे आली तेव्हा त्यांच्यावर काम करणे ही शिक्षाच होती. एक विद्यार्थिनी मराठीत अर्ज टाइप करत होती. तिने शब्द पुरा करावा आणि अक्षरे दोन-तीन क्षणांनी एकदम पडद्यावर उमटावीत, असे चालले होते. आपल्याकडूनच कळ चुकते आहे असे समजून ती ती पुन्हा दाबत होती, त्यामुळे शब्दांत अक्षरे दुप्पट होत होती. ज्यांनी आम्हाला यंत्रे बसवून दिली होती त्या मेकॅनिकने दोनदा 'फॉरमॅट मारून' पाहिले आणि शेवटी "काकू, बोर्डच जुना आहे, भंगारात द्या" असा सल्ला दिला. आयुष्यभर प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाला मोजल्याशिवाय असा निष्कर्ष पटत नाही. मी कोणताही प्रोग्राम न उघडता फक्त एक रिकामी खिडकी माऊसने धरून पडद्यावर इकडून तिकडे ओढली आणि प्रोसेसरच्या वापराचा आलेख पाहिला. रिकामी खिडकी हलवताना तो आलेख जवळजवळ छताला टेकत होता! हिशेब नाही, मजकूर नाही, इंटरनेट नाही. यंत्राची सगळी ताकद केवळ पडदा रंगवण्यात चालली होती.

हे का होते ते समजून घेण्यासाठी पडदा कसा रंगवला जातो हे थोडे पाहावे लागेल. जुन्या पद्धतीत, म्हणजे युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीच्या जगात १९८७ पासून चालत आलेल्या एक्स११ प्रणालीत किंवा 'विंडोज एक्सपी'मध्ये, सर्व खिडक्या एकाच पाटीवर रेखल्या जात. अंगणातल्या रांगोळीचा एक कोपरा पायाने पुसला गेला, तर घरातली बाई तेवढाच कोपरा पुन्हा घालते, सगळी रांगोळी नव्याने काढत नाही. तसेच वरची खिडकी सरकली की खालच्या प्रोग्रामला "तुझा एवढा भाग उघडा पडला, तेवढा पुन्हा रंगव" असा निरोप जाई. या पद्धतीला मेमरी फार थोडी लागते. तिचा दोषही अनेकांनी पाहिलेला आहे: खालचा प्रोग्राम हँग झालेला असला की तो उत्तर देत नसे आणि ओढलेल्या खिडकीचे ठसे पत्त्यांच्या पिसाऱ्यासारखे पडद्यावर राहून जात.

नव्या पद्धतीत प्रत्येक खिडकीची रांगोळी वेगळ्या पाटावर काढलेली असते, आणि हे सगळे पाट योग्य क्रमाने एकावर एक मांडून, त्यांच्या सावल्या, पारदर्शकपणा आणि कडांची गोलाई जमवून अंतिम चित्र तयार करण्याचे काम कंपोझिटर नावाचा वेगळा प्रोग्राम करतो. खिडकी हलली तरी खालच्या प्रोग्रामला काहीच करावे लागत नाही, कारण त्याचा पाट शाबूत असतो. ही कल्पना उत्तम आहे आणि तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु त्यासाठी तितके पाट ठेवायला जागा लागते आणि ते उचलून मांडायला दणकट माणूस लागतो. तो माणूस म्हणजे ग्राफिक्सची चिप. ती दुबळी असेल, किंवा हजरच नसेल, तर सगळे पाट बिचाऱ्या प्रोसेसरला उचलावे लागतात, आणि टाइप केलेले अक्षर त्या रांगेत मागे उभे राहते.

आकडे अगदी साधे आहेत. १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर १०,४९,०८८ बिंदू असतात आणि प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी ४ बाइट धरले, तर एका पूर्ण चित्राला सुमारे ४२ लाख बाइट लागतात. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि सतत बदलणारे चित्र नुसते एकदा मेमरीत लिहायचे म्हटले तरी सेकंदाला २५ कोटी बाइटची वाहतूक होते. प्रत्यक्षात ते एकदा लिहून भागत नाही. खालच्या खिडक्या वाचायच्या, त्यांचे मिश्रण करायचे, सावलीसाठी शेजारच्या बिंदूंचे रंग पाहायचे, मग लिहायचे आणि शेवटी मॉनिटरकडे पाठवण्यासाठी पुन्हा वाचायचे असते. मागची खिडकी धूसर दिसण्याचा जो परिणाम आज सर्वत्र आवडीने वापरला जातो, तो यातील सर्वांत महागडा, कारण एकेक बिंदू धूसर करण्यासाठी त्याच्या भोवतीचे अनेक बिंदू वाचावे लागतात. जुन्या यंत्रावर हौसेने १९२० बाय १०८० चा मोठा मॉनिटर लावणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की त्यात २०,७३,६०० बिंदू असतात, म्हणजे पडद्याचे काम जवळजवळ दुप्पट होते.

त्यातच आमच्या यंत्रांसारख्या स्वस्त यंत्रांत ग्राफिक्सच्या चिपला स्वतःची मेमरी नसते. ती प्रोसेसरच्याच रॅममधून वाटा घेते आणि त्याच रस्त्याने वाहतूक करते. डीडीआर२-८०० जातीच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला कागदोपत्री ६.४ जीबी माहिती वाहून नेते, आणि दोन सारख्या पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या तर हा रस्ता दुपदरी होतो. म्हणून ४ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा २ जीबीच्या दोन घ्याव्यात असे मी सर्वांना सांगते. पडद्याच्या वेगात याचा फरक डोळ्यांना दिसतो, आणि दुकानदार हे आपण होऊन क्वचितच सांगतो.

पाट मांडण्याची ही पद्धत ॲपलने २००१ साली 'मॅक ओएस टेन'मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने २००७ साली बाजारात आलेल्या 'विंडोज व्हिस्टा'मध्ये घरोघरी आणली. 'व्हिस्टा' आणि 'विंडोज ७' मध्ये ती बंद करता येत असे. २०१२ च्या 'विंडोज ८' पासून ती कायम चालू असते. आपण पारदर्शकपणा आणि हालचालींचे परिणाम तेवढे बंद करू शकतो. आमच्या यंत्रांवर 'विंडोज'ऐवजी लिनक्स ही विनामूल्य, मुक्त प्रणाली आहे. लिनक्सच्या जगातील 'ग्नोम' या डेस्कटॉपची, म्हणजे पडद्यावरील खिडक्या-मेनूंच्या मांडणीची, तिसरी पिढी एप्रिल २०११ मध्ये आली, तेव्हा दुबळ्या ग्राफिक्सच्या यंत्रांसाठी तिच्यात एक साधा पर्याय ठेवला होता. २०१३ च्या ३.८ या आवृत्तीत तो काढून टाकण्यात आला. ग्राफिक्सची चिप नसेल तर तिचे काम प्रोसेसरकडून करून घेणारे 'एलएलव्हीएमपाइप' नावाचे सॉफ्टवेअर आता पुरेसे चांगले झाले आहे, असा त्यामागचा युक्तिवाद होता. चार-सहा गाभ्यांच्या (कोअरच्या) नव्या प्रोसेसरवर तो टिकतो. दोन गाभ्यांच्या जुन्या यंत्रावर तो कसा कोसळतो हे मी अभ्यासिकेत बसून पाहिले आहे.

कारण आमच्या नऊपैकी तीन यंत्रांत नेमके हेच चालले होते. सेटिंग्जमध्ये यंत्राविषयीच्या माहितीच्या पानावर ग्राफिक्सच्या ओळीत इंटेलचे नाव दिसायला हवे होते, तेथे 'एलएलव्हीएमपाइप' लिहिलेले होते. याचा अर्थ, चिप बोर्डवर होती, तिला वीजही मिळत होती, पण कामावर कोणी बोलावलेच नव्हते. शोध घेतला तेव्हा कळले की लिनक्स बसवताना पडदा काळा झाला म्हणून मेकॅनिकने यंत्र सुरू होतानाच्या आज्ञेत 'नोमोडसेट' हा शब्द घातला होता. तो घातला की ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर, म्हणजे चिपला कामाला लावणारे सॉफ्टवेअर, सुरूच होत नाही आणि पडदा कामचलाऊ पद्धतीने चालतो. बसवण्यापुरता हा उपाय योग्य असतो, मात्र काम झाल्यावर तो शब्द काढायचा असतो, आणि तो तसाच राहून गेला. या तीन यंत्रांचा पडदा १०२४ बाय ७६८ वर अडकून अक्षरे आडवी ताणलेली दिसत होती, ही खूण मला पहिल्याच दिवशी ओळखता यायला हवी होती. तो शब्द काढून यंत्र पुन्हा सुरू केले आणि ओळीत इंटेलचे नाव आले. रिकामी खिडकी ओढली, आलेख निम्म्याखाली आला. यासाठी एक रुपयाही खर्च झाला नाही. येथे मला मनापासून नोंदवावेसे वाटते की या जुन्या इंटेल चिपसाठी मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी २०२१ साली 'क्रोकस' नावाचा ड्रायव्हर नव्याने लिहून दिला आहे. २००८ सालच्या चिपची तेरा वर्षांनी कोणीतरी अशी वास्तपुस्त करतो, तेव्हा आपण तिला भंगार म्हणताना थोडे थांबायला हवे.

पुढची पायरी डेस्कटॉप बदलण्याची होती. 'एक्सएफसीई', 'एलएक्सक्यूटी' आणि 'माते' हे तीन हलके डेस्कटॉप आम्ही वेगवेगळ्या यंत्रांवर लावून पाहिले. 'एक्सएफसीई'ची सुरुवात १९९६ च्या सुमारास झाली आणि त्याची मांडणी आजही साधी आहे; 'माते' हा 'ग्नोम'च्या दुसऱ्या पिढीची जुनी, सवयीची मांडणी जपण्यासाठी २०११ साली वेगळा काढलेला डेस्कटॉप आहे; आणि 'एलएक्सक्यूटी' तिघांत बहुधा सर्वांत काटकसरी. आधीचा डेस्कटॉप लॉगिन होताच १ जीबीच्या आसपास मेमरी घेऊन बसत होता, म्हणजे २ जीबीच्या यंत्रात ब्राउझर उघडण्यापूर्वीच निम्मे घर भरलेले. 'एक्सएफसीई'ने त्याच्या साधारण निम्म्यात भागवले. आम्ही शेवटी सर्व यंत्रांवर तोच ठेवला, कारण त्यात कंपोझिटर एका चौकटीवरची खूण काढून बंद करता येतो, आणि 'विंडोज'ची सवय असलेल्या ज्येष्ठांना खालची पट्टी व मेनू ओळखीचे वाटतात. माझ्या मते वेगापेक्षाही ही शेवटची गोष्ट अधिक महत्त्वाची होती, कारण वेगवान पण अनोळखी पडद्यापाशी माणसे बसत नाहीत.

कंपोझिटर बंद केल्याची किंमतही सांगितली पाहिजे. व्हिडिओ पाहताना किंवा लांब पान वेगाने सरकवताना चित्र मध्येच आडवे फाटल्यासारखे दिसते, कारण मॉनिटर अर्धे जुने आणि अर्धे नवे चित्र दाखवून मोकळा होतो. अभ्यासिकेत कोणी तक्रार केली नाही, पण चित्रपटाचे संकलन शिकणाऱ्या मुलाला मी हा सल्ला देणार नाही.

मराठीविषयी एक शंका मला अनेकांनी विचारली, की हलका डेस्कटॉप घेतला तर जोडाक्षरे तुटतील का. तुटत नाहीत. 'र्‍या', 'क्ष', 'त्त्व' यांसारख्या अक्षरांची जुळणी 'हार्फबझ' नावाचे सॉफ्टवेअर करते आणि जड व हलके, दोन्ही प्रकारचे डेस्कटॉप तेच वापरतात. अक्षरे तुटकी दिसलीच तर बहुधा देवनागरीचा चांगला फॉन्ट बसवलेला नसतो. इन्स्क्रिप्ट कळफलकही सर्वत्र तसाच चालतो. त्या विद्यार्थिनीची अक्षरे उशिरा उमटत होती त्यात मराठीच्या अवघडपणाचा काही भाग नव्हता, हे तिला मी आवर्जून सांगितले, कारण "मराठी टाइप केले की कॉम्प्युटर स्लो होतो" असा समज तिच्या गटात पसरू लागला होता.

आता हेही मान्य करते की प्रत्येक मंदपणा पडद्यामुळे नसतो, आणि कोणता मंदपणा कशाचा हे ओळखण्यासाठी मेकॅनिकचीही गरज नाही. माऊसचा बाण चित्रापासून वेगळा ठेवलेला असतो आणि तो ग्राफिक्सची चिप परस्पर दाखवते, म्हणून बाकी सगळे अडकले तरी बाण बराच वेळ सहज फिरत राहतो. बाण सहज फिरतो, हार्डडिस्कचा दिवा शांत आहे, पण खिडकी झटके खात सरकते, तर दोष पडदा रंगवण्यात आहे. बाण फिरतो, पण मेनू उघडायला वेळ लागतो आणि दिवा सतत लुकलुकतो, तर हार्डडिस्क कमी पडते आहे. बाणही अडखळू लागला आणि दिवा पेटलेलाच राहिला, तर बहुधा रॅम संपली असून यंत्र रॅममधला मजकूर हार्डडिस्कवर नेण्या-आणण्यात गुंतले आहे. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची असते; हवी ती जागा सुईखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी थांबायचे, शिवाय सुई हलण्याचा वेळ वेगळा, त्यामुळे विखुरलेली माहिती अशी डिस्क सेकंदाला शंभर वेळाही वाचू शकत नाही. साध्या साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, तेच काम हजारो वेळा करते. खर्च करण्याची ऐपत एकाच वस्तूपुरती असेल तर ती छोटी एसएसडी असावी, दुसरी वस्तू रॅम. आम्ही दोन्ही लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून आणल्या. रॅम तर जुनी, दुसऱ्या यंत्रातून काढलेलीच मिळाली आणि ती उत्तम चालते आहे.

मुंबईच्या हवेचा उल्लेखही करायला हवा. येथील दमट, खारट हवेत धूळ कोरडी राहत नाही. ती प्रोसेसरच्या पंख्याखालच्या पत्र्यांमध्ये नमद्यासारखी घट्ट बसते, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. वरून पाहणाऱ्याला तो पुन्हा 'स्लो'च वाटतो. आमच्या दोन यंत्रांत एवढेच झाले होते. ब्रशने धूळ काढली, पंख्याखालची वाळलेली पेस्ट बदलली, रॅमच्या पट्टीची पिवळी टोके खोडरबराने हलकेच पुसली आणि यंत्रे ताळ्यावर आली. पावसाळ्यानंतर हे दरवर्षी करावे.

सर्वांत कठीण भाग ब्राउझरचा आहे आणि तेथे मी कोणाला खोटी आशा दाखवू इच्छित नाही. डेस्कटॉप बदलून वाचवलेली अर्धा जीबी मेमरी आजकालचे एखादे जाहिरातींनी भरलेले संकेतस्थळ एकट्याने गिळते. म्हणून आम्ही ब्राउझरला जाहिराती अडवणारी जोड (एक्स्टेन्शन) बसवली, एका वेळी चारपेक्षा अधिक टॅब उघडू नयेत अशी सूचना भिंतीवर लावली, आणि रॅममधला मजकूर दाबून साठवणारी 'झेडरॅम' ही लिनक्समधील सोय चालू केली. व्हिडिओंचे वेगळे आहे. आजचे व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतींनी बांधलेले असतात आणि आमच्या चिपना त्यांची गाठ सोडता येत नाही, त्यामुळे सगळे काम प्रोसेसरवर येते. जुन्या एच.२६४ पद्धतीचा व्हिडिओ मागवणारी जोड ब्राउझरमध्ये टाकली आणि दर्जा ४८०च्या वर नेला नाही, तर परीक्षेच्या मार्गदर्शनाची व्याख्याने नीट पाहता येतात.

आणि काही यंत्रे खरोखरच सोडून द्यावीत. पेंटियम ४ च्या काळातील संगणक विजेचा आणि उष्णतेचा विचार करता आज चालवण्याजोगे राहिलेले नाहीत. २००८ च्या सुमारास आलेल्या छोट्या लॅपटॉपांमधील ॲटम एन२७० सारखे प्रोसेसर फक्त जुन्या ३२ बिट रचनेचे आहेत, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या 'डेबियन १३' या लिनक्सच्या आवृत्तीने ३२ बिटच्या इंटेल यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोय बंद केल्यामुळे त्यांच्यासाठी पर्याय झपाट्याने कमी होत आहेत. तसेच, ज्यांनी 'विंडोज १०'च ठेवायचे ठरवले आहे त्यांनी सुरक्षेची वाढीव मुदत तरी घ्यावी. घरगुती ग्राहकांसाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. सुरक्षेची भर न मिळणाऱ्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करू नयेत, मग ते यंत्र कितीही वेगाने चालत असो.

संपादक महोदय, माझी पहिली विनंती निर्लेखन करणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि संस्थांच्या सचिवांना आहे. मार्च जवळ आला की डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही, उघडले जाते आणि 'नादुरुस्त' या एका शब्दाखाली वीस-वीस संगणक लिहिले जातात. त्यापूर्वी प्रत्येक यंत्राला एक तास द्यावा: ग्राफिक्सच्या ओळीत काय लिहिले आहे ते पाहावे, पेनड्राइव्हवरून एखादा हलका डेस्कटॉप चालवून पाहावा (त्यासाठी हार्डडिस्कला हातही लावावा लागत नाही), आणि मगच रकाना भरावा. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांत जुनी उपकरणे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांनाही स्थान दिलेले आहे. सगळे काही तोडणाऱ्याकडेच गेले पाहिजे असे नियमही म्हणत नाहीत. यंत्र दुसऱ्याला देताना हार्डडिस्कवरील माहिती पूर्ण पुसावी हे सांगणे नको, पण माहिती फुटण्याच्या भीतीने अख्खे यंत्रच फोडणारी कार्यालये मी पाहिली आहेत. भीती डिस्कची आहे, तर डिस्क काढून घ्या आणि बाकीचे द्या.

दुसरी विनंती संगणक शिकवणाऱ्यांना. राज्यात २००१ पासून चालत आलेल्या एमएस-सीआयटीसारख्या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमांतून लाखो माणसांनी संगणकाला पहिल्यांदा हात लावला आहे. अशा वर्गांत, यंत्र मंद का होते आणि ते कसे ओळखावे, यावर एक धडा जरूर असावा. साधनांची वाण नाही. पवईच्या आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिस या कार्यालयीन कामाच्या मुक्त सॉफ्टवेअरचे पाठ मराठी आवाजात विनामूल्य उपलब्ध आहेत आणि अभ्यासिकेतील मुलांनी त्यांच्यावरूनच पुष्कळसे शिकून घेतले. केरळमधील सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणकशिक्षण चालते. ते तेथे जमते, तर मुंबईच्या शाळांत का जमू नये हे मला समजत नाही.

सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांपर्यंत हे पत्र पोहोचेल की नाही, माहीत नाही, पण आपले अनेक वाचक त्या व्यवसायात आहेत. लिनक्सचे जग आता एक्स११ सोडून २००८ साली सुरू झालेल्या 'वेलँड' या व्यवस्थेकडे चालले आहे. तिच्यात चित्र फाटत नाही आणि एका प्रोग्रामला दुसऱ्यात दाबलेल्या कळा चोरून वाचता येत नाहीत, ही तिची बाजू भक्कम आहे. मात्र कंपोझिटर तिचा कणाच असल्यामुळे तो बंद करण्याचा मार्ग तेथे नाही. तरीही ती जड असलीच पाहिजे असे नाही. 'रास्पबेरी पाय' या कमी खर्चाच्या छोट्या संगणकाच्या निर्मात्यांनी २०२३ साली 'वेलँड' स्वीकारली, तेव्हा निवडलेला कंपोझिटर त्यांच्या जुन्या, दुबळ्या यंत्रांना झेपेना; त्यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'लॅबडब्ल्यूसी' नावाचा हलका कंपोझिटर आणून तो सर्व यंत्रांसाठी लागू केला. आपल्या सर्वांत दुबळ्या यंत्रासमोर बसून चाचणी घेणारा निर्माता असा निर्णय घेतो. आपल्याकडचे अभियंते महागड्या लॅपटॉपवर जी संकेतस्थळे आणि जे सरकारी अर्ज तयार करतात, ते त्यांनी एकदा आमच्या अभ्यासिकेतील यंत्रावर उघडून पाहावेत. त्यांचे मनापासून स्वागत आहे, दुपारी तीन ते पाच गर्दी नसते.

नऊपैकी आठ यंत्रे आज रोज सकाळी सातपासून चालू असतात. नववे मी दुरुस्त करू शकले नाही. त्याच्या बोर्डवरील कपॅसिटर फुगले होते आणि बदलूनही तो उभा राहिला नाही, म्हणून त्याची रॅम आणि पंखा काढून ठेवून बाकीचा सांगाडा अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पाठवला. त्याच्या रजिस्टरमधील रकान्यात मी 'नादुरुस्त' असे लिहिले आणि पुढे कारणही लिहिले.

आपली नम्र,
एक वाचक
लालबाग, मुंबई